तांब्यावर तांब्या

अकरावी कला, तुकडी ब, औसा.
फळ्यावर मी घंटा काढली, पालथी ठेवलेली.
म्हणाले, मधल्या फुगवट्यात आपण सगळे,
आणि कडेला, जिथं रेघ जमिनीला टेकत येते,
तिथले थोडे. त्यांना पुस्तक म्हणतं
अपसामान्य.

शेवटच्या बाकावरून रेवणसिद्ध:
"आमचा चुलता कुठं बसवायचा, मॅडम?"

चुलता महालिंग.
पुनर्वसनातलं घर, नंबर टाकलेलं,
दोन खोल्या, वर स्लॅब.
तो अंगणात बाजेवर झोपतो.
थंडीत गोधडी, पावसात ताडपत्री.
लग्नाच्या रात्रीही बाजच, असं बायका हसून सांगतात.
उशाशी तांब्यावर पालथा तांब्या,
त्यावर पेला, त्यावर रुपयाचं नाणं.
जमीन हललीच तर भांडी आधी बोलतील.
तीस वर्षांत ती सहा वेळा बोलली,
सहाही वेळा मांजर.
पहिल्यांदा पोरं काखेत घेऊन तो रस्त्यावर धावला,
शेवटच्या वेळी पोरांनीच
त्याला हाताला धरून परत आणलं.

मी निकष लावू लागले.
गावात असा दुसरा कुणी नाही: बरोबर.
रीत सोडून: पाव्हणे आले की
त्याच्या बायकोला ओशाळं होतं. तेही बरोबर.
"पण त्यांना त्रास? झोप लागते का?"
"बाजंवर पडलं की घोरतंय, मॅडम.
आत नेलं की रातभर छत बघत बसतंय."
कामधंदा?
पिठाची गिरणी. दगडाला टाकी लावायला
चार गावांतून त्यालाच बोलावणं.
उधारी कुणाचीच विसरत नाही, मागतही नाही.
"आणि धोका? कुणाला?"
"मांजराला."
वर्ग हसला, मीही.
चारपैकी दोन, असं काहीतरी म्हणणार
तेवढ्यात तास संपला.

घटक चाचणीत प्रश्न होताच.
अपसामान्य वर्तनाची व्याख्या लिहा, गुण पाच.
रेवणसिद्धनं अर्धं पान पुस्तकातलं उतरवलं,
मग एक ओळ सोडून, बारीक अक्षरात:

*आई सांगती, त्या साली सगळं गाव बाहेर झोपायचं.
पत्र्याचे शेड मिळाले तरी दारात झोपायचे.
आत झोपणारा एकटा गुंडाप्पा,
पडक्या भिंतीच्या आडोशाला.
त्याला येडा म्हणायचे.
त्याची माणसं कोणत्या भिंतीखाली होती
हे सगळ्यांना माहीत होतं, तरी म्हणायचे.
मग एकेक घर आत गेलं.
चुलत्याची बाज तिथंच हाय.
घंटा सरकली, मॅडम.*

लाल पेन उघडून बराच वेळ बसले.
पाचपैकी पाच देता येत नव्हते,
दोन मुद्दे सुटलेले.
साडेतीन दिले.

रात्री नवरा विचारतो, कडी लावलीस?
लावली, म्हणते.

सात वर्षांची होते.
पहाटे माती दारावर आली आणि आतली कडी हलेना.
बाहेरून हाका येत होत्या.
माझी हाक बाहेर जात होती की नाही,
अजून कळलेलं नाही.

संसाराला चौदा वर्षं झाली,
कडी मी नुसती वाजवते,
कोयंड्यात घालत नाही.
एवढं सोडलं तर
वेळेवर उठते, पगार घेते, सुनेसारखी वागते,
नमुना म्हणून फळ्यावर काढावी अशी,
फुगवट्याच्या मधोमध.

आज ओट्यावर भांडी पालथी घालताना
तांब्यावर तांब्या ठेवला गेला.
निथळायला, म्हटलं मी,
कुणी विचारलं नव्हतं तरी.